पाणीपट्टीच्या खात्यावर जमा राहिलेली रक्कम परत कशी मागायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलोपार्जित घर आहे. नळ वडिलांच्या नावावर आहे, वडील आता हयात नाहीत. मुलगा नोकरीनिमित्त नाशिकला असतो. यंदाच्या बिलावर चालू मागणी 1,800 रुपये आणि 'मागील बाकी'च्या रकान्यात वजा 5,472 रुपये आहेत. घर विकायचं ठरलंय. नगरपालिकेत विचारलं तर 'पुढच्या वर्षात वळते होतील' एवढंच उत्तर मिळालं. पैसे परत मिळतात का, आणि कसे?

मिळतात. पण नुसता वजा आकडा दाखवून पैसे मागितले तर फाइल हलत नाही. तो वजा कोणत्या पावतीमुळे आणि कोणत्या तारखेला पडला हे कागदावर मांडलं की हलते. परतावा म्हटलं की लिपिकाच्या डोळ्यांपुढे लेखापरीक्षण येतं. दोन वर्षांनी स्थानिक निधी लेखापरीक्षेत 'ही रक्कम कशाच्या आधारे परत केली' असा आक्षेप निघाला तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. म्हणून त्याच्या टिपणीला लागणारा आधार तुम्हीच तयार करून द्यायचा.

पहिली गोष्ट, तुमची रक्कम 5,472 नाही. या वर्षाची मागणी खात्यावर चढलेली आहे आणि नळ चालू आहे, म्हणून 1,800 वजा जातात आणि उरतात 3,672. बिलाच्या तळाशी 'एकूण देय'समोर हाच आकडा वजा चिन्हासह असेल. अर्जात 5,472 लिहिलं तर तो 'रक्कम जुळत नाही' या एका शेऱ्यावर परत येईल, आणि तो शेरा बरोबरच असेल.

आता 5,472 हा आकडा फोडून बघा. वर्षाची मागणी 1,800, म्हणजे तीन वर्षांचे 5,400, आणि वर 72 रुपये. थकीत रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, 1,800 वर महिन्याला 36, दोन महिन्यांची 72. त्यामुळे बहुधा असं झालंय: तीन वर्षांची मागणी एकतर दोनदा भरली गेली किंवा भरल्यानंतर कमी केली गेली, आणि त्यातला एक भरणा दोन महिने उशिरा, शास्तीसह झाला. हा अंदाज आहे, पण उतारा हातात आल्यावर त्यात काय शोधायचं हे त्यातून कळतं. तोच वजा 4,317 असता, म्हणजे मागणीच्या किंवा शास्तीच्या कोणत्याच हिशेबात न बसणारा, तर पहिला संशय दुसऱ्याच कुणाचा भरणा तुमच्या खात्यावर पडल्याचा घ्यावा लागला असता.

वजा पडण्याची कारणं मोजकी आहेत, आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा होतो. सगळ्यात जास्त आढळतो तो दुबार भरणा. मार्चअखेरीला वसुली पथक दारात येतं, घरातले पैसे भरून पावती घेतात, आणि त्याच आठवड्यात बाहेरगावचा मुलगा मोबाइलवरून तेच बिल भरतो. हे पैसे निर्विवाद तुमचे. दुसरं कारण, मागणी मागच्या तारखेपासून कमी होणं: घराचा नळ चुकून व्यापारी वापरात धरला होता आणि नंतर दुरुस्ती झाली, किंवा वाड्यात दोन नळ होते, त्यातला एक बंद केल्याचा अर्ज दिला तरी रजिस्टरात त्याची मागणी चालूच राहिली आणि नंतर रद्द झाली. हेही तुमचेच, पण दुरुस्तीचा किंवा नळ बंद केल्याचा आदेश जोडावा लागतो. तिसरं कारण सवलत किंवा शास्तीमाफी. ती कधी कधी नुसती पुस्तकात जमा दिसते; रोख भरलेली नसते, म्हणून रोख परतही मिळत नाही. तुमचे ते 72 रुपये अशा माफीतून आलेले निघाले तर सोडून द्या, त्यासाठी बाकीचे 3,600 अडकवू नका. चौथं, कागदी रजिस्टरावरून संगणकात नोंदी घेताना आरंभीच्या शिल्लकेचं चिन्ह उलटं पडणं. तिथे 1,800 थकबाकीची 1,800 जमा होते. असा आकडा तुमचा नसतो, आणि तो मागायला गेलात तर थकबाकी निघते. हे आधी घरी कळलेलं बरं.

पाचवा प्रकार दिसायला असाच असतो, पण तो जमा शिल्लक नव्हे. बँकेतून रक्कम गेली आणि नगरपालिकेची पावती निघालीच नाही, तर ती रक्कम पाणीपट्टीच्या खात्यावर नसतेच. तिथे नगरपालिकेत अर्ज करून काही उपयोग नाही, तक्रार बँकेकडे करायची. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने दुकान किंवा कार्यालयाला केलेला असा अर्धवट व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे, आणि त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला मिळते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण उन्हाळ्यात ती हमखास विचारली जाते. नळाला चार-सहा दिवसांआड पाणी आलं म्हणून ठोक दराच्या पाणीपट्टीतला काही भाग खात्यावर जमा होत नाही. ती पुरवठ्याबद्दलची तक्रार झाली. तिची बाजू खरी असली तरी ती परताव्याच्या अर्जात मिसळू नका; एका अर्जात दोन विषय आले की दोन टेबलं होतात आणि फाइल मधेच थांबते.

आता कागद. पाणीपुरवठा विभागाच्या किंवा कर विभागाच्या खिडकीवर 'खातेउतारा' मागा. बिल नको, पावत्यांच्या प्रतीही नकोत. मागील किमान पाच वर्षांचा वर्षवार उतारा: मागणी, शास्ती, भरणा, पावती क्रमांक, पावतीची तारीख, शिल्लक. शिल्लक पहिल्यांदा वजा झाली त्याच्या आधीचं एक वर्ष त्यात यायलाच हवं, नाहीतर वजा कुठून सुरू झाला ते दिसत नाही. अर्जावर नळ कनेक्शन क्रमांक आणि मिळकत क्रमांक दोन्ही लिहा. घरपट्टी आणि पाणीपट्टी एकाच बिलावर येत असली तरी रजिस्टरं वेगळी असतात, आणि नुसत्या नावावरून शोधताना एकाच गल्लीत एकाच आडनावाची चार खाती निघतात.

उतारा मिळाला की कोऱ्या कागदावर पाच रकाने आखा: वर्ष, मागणी, भरणा, पावती क्रमांक व तारीख, शिल्लक. प्रत्येक भरण्यापुढे तो घरातल्या कोणी आणि कसा केला ते लिहा. ऑनलाइन भरण्यासाठी बँकेच्या उताऱ्यातली ती ओळ अधोरेखित करा आणि यूपीआयचा 12 अंकी संदर्भ क्रमांक नोंदवा. जी पावती तुमच्या घरातल्या कोणाच्याच भरण्याशी जुळत नाही तिच्यापुढे स्पष्ट प्रश्नचिन्ह करा. ती रक्कम शेजाऱ्याची असू शकते. ती तुम्ही उचलली आणि उद्या त्याने पावती दाखवली, तर तुमच्या नावावर वसुली लागेल. अर्जात ती रक्कम सोडून उरलेलीच मागावी. हा एक पानाचा ताळमेळ म्हणजेच तुमच्या अर्जाचा कणा, कारण लेखापाल टिपणीत तोच उतरवून घेतो.

मूळ पावती हरवली असेल तर घाबरू नका. पावतीपुस्तकाची स्थळप्रत कार्यालयात असते आणि त्या दिवसाचा एकूण भरणा बँकेत चलनाने गेलेला असतो. पावती क्रमांक आणि तारीख उताऱ्यात असल्यावर मूळ पावतीचा हट्ट धरण्याचं कारण उरत नाही. 'मूळ पावती गहाळ झाली आहे, तिच्या आधारे अन्य कोठेही परतावा घेतलेला नाही व घेणार नाही' असं साध्या कागदावरचं हमीपत्र द्या.

जिथे मीटर आहेत तिथे वजा बहुतेक वेळा सरासरीच्या बिलांमुळे पडतो. मीटर बंद किंवा घराला कुलूप म्हणून काही महिने अंदाजाने बिल लावलं, नंतर खरं रीडिंग कमी निघालं. पडताळा सोपा आहे. एक युनिट म्हणजे 1,000 लिटर. माणशी 135 लिटर रोजचे धरले तर पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे 20 युनिट लागतात. बिलात 45 युनिट असतील तर एकतर गळती आहे किंवा रीडिंग चुकलंय. मीटरची तबकडी आणि मीटर क्रमांक एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. मीटर क्रमांक नसलेला फोटो कोणत्याही मीटरचा असू शकतो, म्हणून तो ग्राह्य धरत नाहीत.

तुमच्या प्रकरणात खरी अडचण नावाची आहे. खाते वडिलांच्या नावावर, त्यामुळे परतावा निघाला तर कागदोपत्री त्यांच्याच नावाने निघेल, आणि त्यांचं बँकेतलं खाते बंद झालेलं असेल तर रक्कम परत फिरेल. म्हणून अर्ज वारसांच्या नावाने करा आणि रक्कम कोणाच्या खात्यात जमा करायची ते त्यात लिहा. सोबत वडिलांचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागेल. एवढ्या छोट्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागणं अवाजवी आहे. मागितलं तर कोणत्या नियमाने ते लेखी विचारा. घर विकायचं म्हणजे मिळकत पत्रिकेवर वारसांची नोंद करून घ्यावी लागणारच आहे. ती झाल्यावर त्याच पत्रिकेची प्रत इथे जोडली की वारस कोण हा प्रश्न मिटतो. बहिणींच्या सह्या हा नेहमीचा अडथळा असतो, कारण त्या वेगवेगळ्या गावी असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरी येतात तेव्हा संमतीपत्र तयार ठेवा. अर्जातली रक्कम आणि खाते क्रमांक त्यांना दाखवूनच सही घ्या, म्हणजे पुढे घरात बोल राहत नाही.

नाव बदलण्याचा क्रम चुकवू नका. नळ खरेदीदाराच्या नावावर आधी झाला तर खात्यावरची जमा त्याच्या नावाखाली जाते, आणि मग नगरपालिका तुम्हाला 'आपण खातेदार नाही' असं सांगेल. आधी परताव्याचा किंवा वळतं करण्याचा अर्ज, त्याचा आवक क्रमांक, मग नावबदलाचा अर्ज. नावबदलाच्या अर्जातही 'जमा रकमेबाबत आवक क्रमांक अमुकचा अर्ज प्रलंबित आहे' ही ओळ घाला.

घर विकताय म्हणून नळ तोडून घ्यायच्या भानगडीत पडू नका. कायमचा नळ बंद केला तर अनामत रक्कम परत मागता येते हे खरं, पण खरेदीदाराला नव्याने जोडणी शुल्क, प्लंबर आणि रस्ता खोदाईचा खर्च येतो, आणि तो खर्च तो तुमच्याच किमतीतून कापेल. अनामतीबद्दल एवढं लक्षात ठेवा की ती खातेउताऱ्याच्या शिल्लकेत दिसत नाही. तिची नोंद अनामत रजिस्टरात वेगळी असते आणि ती मागायला जोडणी घेतानाची पावती लागते. नाव बदलताना ती खरेदीदाराकडे जात असेल तर तेवढी रक्कम व्यवहारात त्याच्याकडून घ्या.

आता तीन वाटा आहेत. पहिली, ही रक्कम त्याच घराच्या घरपट्टीत वळती करून घेणं. यंदाची घरपट्टी भरायची राहिली असेल तर मी हीच वाट सुचवेन. घर विकायला घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला लागतोच, आणि नगरपालिकेच्या तिजोरीतून रोख बाहेर जात नसल्यामुळे मंजुरीला हात आखडत नाही. मुख्याधिकाऱ्यांचा आदेश मात्र लागतो, कारण पाणीपट्टी आणि घरपट्टी ही वेगळी लेखाशीर्षं आहेत आणि लिपिक आपल्या अधिकारात एकातून दुसऱ्यात रक्कम नेऊ शकत नाही. दुसरी वाट, जमा तशीच ठेवून खरेदीदाराकडून 3,672 रुपये व्यवहारात घेणं. त्याला दोन वर्षं पाणीपट्टी भरावी लागणार नाही. खातेउतारा दाखवा आणि पैसे मिळाल्याची पावती करा. घरपट्टी भरलेली असेल आणि नाशिकहून फेऱ्या मारणं शक्य नसेल तर हा मार्ग सोयीचा. तिसरी, रोख परतावा. रक्कम मोठी असेल, नळ कायमचा बंद होणार असेल किंवा खरेदीदार तयार नसेल तर ही. ज्यांना घर विकायचं नाही आणि नळ चालू ठेवायचा आहे, त्यांनी एक-दोन वर्षांच्या मागणीएवढी जमा बिनधास्त राहू द्यावी, फक्त पुढच्या बिलात ती खरोखर वजा झाली का ते तपासावं. वजा न होता पूर्ण मागणीचं बिल आलं तर लगेच दुरुस्ती मागावी. नाहीतर जुनी जमा वेगळ्या रकान्यात पडून राहते, घरातले बिल बघून पूर्ण भरतात, आणि दरवर्षी वजा वाढत जातो.

वेळेचं गणित असं आहे. 1 एप्रिलला नव्या वर्षाची मागणी चढते आणि जमेतून 1,800 जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळं कार्यालय वसुलीला जुंपलेलं असतं, परताव्याची फाइल कोणी उघडत नाही. म्हणून अर्ज डिसेंबरमध्ये, फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावा. ते चुकलं तर मे-जूनमध्ये: तेव्हा गर्दी कमी असते आणि नव्या अंदाजपत्रकातली तरतूद हाताशी असते.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करायचा, महानगरपालिका असेल तर आयुक्तांच्या. जळगाव आणि धुळे इथे महानगरपालिका आहे. नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा इथे नगरपरिषद. मजकूर एवढा पुरे:

'विषय: नळ कनेक्शन क्रमांक ____, मिळकत क्रमांक ____ या खात्यावरील जादा भरणा रुपये 3,672 परत मिळणेबाबत / घरपट्टीत वळते करणेबाबत.
महोदय, वरील खाते आमचे वडील कै. ____ यांच्या नावे आहे. सोबतच्या खातेउताऱ्यानुसार चालू वर्षाची मागणी वजा जाता खात्यावर रुपये 3,672 जमा आहेत. ही रक्कम पावती क्रमांक ____ दिनांक ____ व पावती क्रमांक ____ दिनांक ____ या दुबार भरण्यांमुळे जमा झाली आहे. ताळमेळ पत्रक सोबत जोडले आहे. सदर रक्कम खालील बँक खात्यात जमा करावी व तोपर्यंत पुढील मागणीत वळती करू नये. अर्ज नामंजूर करावयाचा असल्यास कारणांसह लेखी कळवावे.'

यात दोनच वाक्यं महत्त्वाची आहेत: पावती क्रमांकांचं आणि शेवटचं. घरपट्टीचा पर्याय घेतलात तर बँक खात्याचं वाक्य खोडून घरपट्टीचा मिळकत क्रमांक टाका. दोन्ही पर्याय उघडे ठेवून अर्ज देऊ नका. सोबत खातेउतारा, ताळमेळ, पावत्या, बँक उतारा, वारसांचे कागद आणि रद्द केलेला धनादेश. पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रतही चालते, पण आयएफएससी क्रमांक वाचता आला पाहिजे. जुन्या पासबुकांवर विलीन झालेल्या बँकांचे जुने क्रमांक असतात आणि रक्कम परत येते.

अर्ज विभागाच्या टेबलावर ठेवून येऊ नका. आवक-जावक कक्षात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्यानंतर फाइलचा प्रवास सहसा असा असतो: पाणीपट्टी लिपिक खात्याची पडताळणी करतो, पाणीपुरवठा अभियंता नळाची स्थिती लिहितो, लेखा विभाग रक्कम तपासतो, मुख्याधिकारी मंजुरी देतात, आणि देयक पुन्हा लेखा विभागात येतं. फाइल अभियंत्याकडे आणि लेखा विभागात अडते. अभियंत्याकडे जागेवर जाऊन नळ बघण्याचं काम राहिलेलं असतं. गावातल्या नातेवाइकाला त्या दिवशी घर उघडायला सांगा. लेखा विभागात ताळमेळ नसल्याने अडते, आणि तो तुम्ही आधीच जोडलेला आहे. विचारपूस करताना 'माझं काम झालं का' असं विचारू नका, 'आवक क्रमांक अमुक कोणत्या टेबलावर आहे' असं विचारा.

'परताव्याची तरतूदच नाही' असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 72 प्रमाणे चुकून दिलेले पैसे घेणाऱ्याने परत करायचे असतात, आणि हे कलम सरकारी कराच्या चुकीच्या भरण्यालाही लागू होतं असं सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच ठरवलंय. अर्जात हे पहिल्याच वेळी लिहू नका. कायद्याची कलमं दिसली की फाइल विधी सल्लागाराकडे जाते आणि तिथे महिने जातात. नकार आल्यानंतरच्या स्मरणपत्रात लिहा.

30-45 दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात तो एका विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. 'पैसे का दिले नाहीत' असा प्रश्न विचारू नका, 'का'ला उत्तर देणं बंधनकारक नाही. मागा ती कागदपत्रं: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणीच्या सर्व पानांची प्रत, सद्यस्थिती, आणि ज्या दुबार पावत्या आहेत त्या दिवसांच्या वसुली नोंदीची प्रत. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे प्रथम अपील, त्याला 20 रुपये. त्यानंतर 90 दिवसांत द्वितीय अपील. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातं. प्रत्यक्षात टिपणीची प्रत मागितल्यावर ती लिहिली जाते आणि बहुतेक फाइली तिथेच सुटतात.

नावबदल आणि थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहेत. त्यांचे अर्ज त्या कायद्याखालीच द्या, म्हणजे पोचपावतीवर मुदत लिहून मिळते आणि ती उलटली की अपील करता येतं. परताव्याच्या अर्जासाठी मात्र जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा आणि लोकशाही दिन (जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) ही ठिकाणं उपयोगी पडतात. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो. राष्ट्रीय लोकअदालतीत नगरपालिका थकबाकीची प्रकरणं दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीची, म्हणून ठेवतात. तुम्हीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देऊन आपलं प्रकरण दाखलपूर्व ठेवायला सांगू शकता. दिवाणी दाव्याची वेळ येऊ देऊ नका. चुकून दिलेल्या पैशांच्या मागणीला सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे, पण नगरपालिकेविरुद्धच्या दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस लागते आणि नगरपालिकांच्या कायद्यांतल्या मुदती याहून कमी आहेत. रक्कम मोठी असेल तर वकिलाला पहिल्या वर्षातच भेटा. खाते दहा वर्षं तसंच पडून असेल तर रोख परताव्याचा आग्रह सोडून वळतं करून मागावं, ते सहज मिळतं.

घर खेड्यात असेल तर रचना वेगळी. ग्रामपंचायतीत मागणी नमुना 9 मध्ये असते आणि भरल्याची पावती नमुना 10 ची. या दोन्ही ताडून बघितल्या की दुबार भरणा लगेच दिसतो. तिथे रोख परताव्यासाठी मासिक सभेपुढे विषय जावा लागतो, त्यामुळे पुढच्या मागणीत वळतं करणंच सोयीचं. वळतं केल्याची नोंद नमुना 9 मध्ये तुमच्या समोर करून घ्या आणि त्या पानाची सही-शिक्क्याची प्रत घ्या. तोंडी सांगितलेलं नव्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही.

अर्ज केल्यानंतरच्या दिवसांत 'पाणीपुरवठा विभागातून बोलतोय, तुमचा परतावा मंजूर झालाय' असा फोन आला तर सावध राहा. परतावा तुम्ही दिलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी लिंक उघडावी लागत नाही, ॲप उतरवावं लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे. वडिलधाऱ्या मंडळींना हे घरी आधीच सांगून ठेवा, कारण बिलावर त्यांचाच मोबाइल क्रमांक असतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार नोंदवा.

रक्कम मिळाल्यावर कार्यालय पोच म्हणून सही मागतं. रक्कम 5,000 रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून सही करायची असते. त्याच दिवशी नवा खातेउतारा काढा. शिल्लक शून्य झालेली दिसली पाहिजे. परतावा दिला पण खात्यावर नोंद घ्यायची राहिली, तर जमा तशीच दिसत राहते, आणि पुढच्या तपासणीत ती चूक सापडली की खरेदीदाराच्या नावावर थकबाकी निघते. शून्य शिल्लकेच्या उताऱ्याची एक प्रत खरेदीखताच्या कागदांबरोबर त्याला द्या, एक तुमच्याकडे ठेवा.